कमलाबाई सोहोनी

मी आज थोर शास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनी यांची माहिती लिहीत आहे. गुरुजींनी परिपाठाला सांगितली, ती मला लई आवडली.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. माहेरचं आडनाव भागवत. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. १९३३ साली कमलाबाई मुंबईला बी.एस्सी. झाल्या, पहिला नंबर आला. मग त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथे संचालक सर सी. व्ही. रामन होते. मुलगी म्हणून त्यांनी नाही म्हटलं. पण कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष पारखून बघायचं, या अटीवर त्यांना घेतलं. त्यांचं काम बघून पुढे दुसऱ्या मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

नंतर त्या इंग्लंडात केंब्रिजला गेल्या. पेशीत अन्न जळून शक्ती मिळते, त्याला सायटोक्रोम सी नावाचा पदार्थ लागतो. तो झाडपाल्यातही असतो, हे त्यांनी बटाट्यावर काम करून दाखवलं. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

मी गुरुजींना विचारलं, जास्त खाल्लेली भाकरी जळली नाही तर जाते कुठं? त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. भाकरी, भात, बटाटा यांची पोटात साखर होते. लागेल तेवढी जळते. उरलेली यकृतात आणि स्नायूंत साठते. ही घरातली कणगी. ती लहान असते, लवकर भरते. तरी रोज जास्तच खाल्लं तर यकृत उरलेल्या साखरेची चरबी करतं. ती कातडीखाली अन् पोटात साठते. हे जमिनीतलं पेव. पूर्वी आमच्याकडे दुष्काळासाठी पेवात ज्वारी ठेवायचे. उपास पडला की शरीर आधी कणगी उघडतं, मग पेव. आजोबांनी लहानपणी १९७२ चा दुष्काळ बघितला आहे. त्यांना हे लगेच समजलं.

भारतात आल्यावर कमलाबाईंनी गरिबांच्या खाण्यातल्या डाळी आणि नीरा यांचा अभ्यास केला. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. १९९८ साली त्या वारल्या.

आमच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग आहेत. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला आहे. मला पाठवायचं का नाही, ते घरी अजून ठरलं नाही. हा कागद भिंतीवर लागला की मी आजोबांना शाळेत आणून वाचून दाखवणार आहे. बंगळूरचं तर दोनदा वाचणार आहे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी