‘पाहिजे’च्या ओझ्यावर बोट ठेवणारी कॅरेन

मैत्रिणींनो, सगळ्यांचं सगळं वेळेवर झालंच पाहिजे, आपण कधी चिडता कामा नये, असं दिवसभर मनाला बजावतो ना आपण? या ‘पाहिजे’च्या जुलमाचं मूळ शोधलं ते डॉ. कॅरेन हॉर्नाय यांनी.

१८८५ साली जर्मनीत हॅम्बर्गजवळ त्यांचा जन्म. वडील जहाजावर कप्तान, स्वभावाने करडे. मुलीने डॉक्टर व्हावं हे त्यांना पटेना; पण आई पाठीशी उभी राहिली. पुढे लग्न झालं, तीन मुली झाल्या आणि संसार सांभाळत कॅरेन बर्लिनमध्ये मनोविश्लेषक झाल्या.

तेव्हा फ्रॉइडचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. स्त्रीला पुरुषाच्या शरीराचा हेवा वाटतो, हे त्यांचं मत कॅरेननी खोडून काढलं. हेवा असलाच तर पुरुषाला मिळणाऱ्या मोकळीकीचा आणि मानाचा, असं त्यांनी ठामपणे मांडलं. लहानपणी माया मिळाली नाही की मूल आतून धास्तावतं. मग मोठेपणी कुणी सगळ्यांना खूश ठेवत राहतं, कुणी सतत भांडतं, तर कुणी अलिप्त होतं, हेही त्यांनीच दाखवलं.

१९३२ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. या मतांपायी १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या मनोविश्लेषण संस्थेने त्यांचा दर्जा कमी केला. त्या रडत बसल्या नाहीत. सरळ बाहेर पडल्या आणि सहकाऱ्यांसह त्याच वर्षी नवी संस्था उभी केली. १९५२ मध्ये त्या गेल्या.

आता मनात ‘पाहिजे’ आलं, की क्षणभर थांबायचं. हे मला हवंय, की नुसत्या धास्तीपोटी करतेय? एवढं स्वतःला विचारायला काय हरकत आहे?