अमरावतीचं तपोवन, दाजीसाहेब पटवर्धन आणि जंतू मेल्यावरही न थांबणारा आजार

अमरावती विद्यापीठाकडे जाताना तपोवन हे नाव हमखास कानावर पडतं. ते आलंय डॉ. शिवाजीराव उर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी सुरू केलेल्या वसाहतीवरून.

दाजीसाहेबांचा जन्म १८९२ चा. होमिओपॅथीचे डॉक्टर, स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी हे काम हाती घेतलं. तेव्हा कुष्ठरोग झाला की घरचेच बाहेर काढायचे. इंग्रजांचा १८९८ चा कायदा तर निराधार रुग्णाला पकडून डांबायची मुभा द्यायचा. तपोवनात दाजीसाहेबांनी या लोकांना शेती, सुतारकाम, विणकाम अशी कामं दिली.

पण औषध देऊन घरी का नाही पाठवायचं?

इथे थोडं विज्ञान. कुष्ठरोगाचा जंतू पेशींच्या आत, नसांमध्ये दडून बसतो. आजाराच्या एका प्रकारात शरीरातल्या बी-पेशी भरपूर अँटिबॉडी बनवतात, पण त्या आत पोचतच नाहीत. म्हणजे फौज मोठी, उपयोग शून्य. उलट जंतूंचे तुकडे आणि अँटिबॉडी एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, आणि ते जिथे साचतात तिथे सूज, गाठी, ताप.

खरं तर बी-पेशीला ब्रेक असतो. तिच्या पृष्ठभागावर एफसी-गॅमा-आर-टू-बी नावाचा रिसेप्टर आहे (नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल). असा पुंजका येऊन चिकटला की तो पेशीला कळवतो, अँटिबॉडी पुरेशा झाल्यात, आता थांब. पण कुष्ठरोगात मेलेल्या जंतूंचे अवशेषही शरीरात बराच काळ पडून राहतात आणि त्यांच्यावरची प्रतिक्रिया औषधाचा कोर्स संपल्यावरही उसळू शकते. त्या सुजेत नस गेली की बोटं बधिर होतात, वाकतात. अशा वेळी स्टेरॉइड लवकर मिळाले तर नस वाचू शकते.

म्हणून आजार बरा झालेल्यालाही आधार लागायचा. जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली १९८१ मध्ये, म्हणजे दाजीसाहेब नव्वदीला टेकल्यावर. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ मध्ये ते गेले.

१८९८ चा तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून निघायला मात्र २०१९ उजाडलं. दाजीसाहेबांना जाऊन तेव्हा ३३ वर्षं झाली होती.