पाण्याचे माप घेणारे अभियंता : सर क्लॉड इंग्लिस

खडकवासल्याच्या जलसंशोधनाला आकार देणारे सर क्लॉड इंग्लिस यांचा जन्म १८८३ मध्ये डब्लिन येथे झाला. १९०६ मध्ये ते भारतात सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. दख्खनच्या कालव्यांवर तेव्हा अतिसिंचनाने जमिनी पाणथळ व खारवट होत होत्या, तर शेवटाकडील शेतकऱ्यांना पाण्याची वाट पाहावी लागे. न्याय्य वाटपासाठी आधी अचूक मोजणी हवी होती. मुंबई सरकारने १९१६ मध्ये स्थापलेल्या विशेष सिंचन कक्षाची धुरा इंग्लिस यांनी वाहिली.

त्यांनी लहान प्रतिकृतींमध्ये प्रवाह सोडून मापन-नालिकेचे आकार पारखले. अरुंद गळ्यातून पाणी वेगाने निसटते आणि पुढे उभी लाट उठते. त्यामुळे ठरावीक मर्यादेपर्यंत खालच्या पातळीचा परिणाम वर पोहोचत नाही. केवळ वरच्या बाजूची खोली मोजून विसर्ग काढता येतो. बंद नळातील व्हेंच्युरी मापकाचे हे उघड्या कालव्यातील भावंडच. नळात मात्र दोन ठिकाणच्या दाबातील फरक मोजावा लागतो. आज अशा आकारांची पारख संगणकावरही होते. इंग्लिस यांच्यापाशी विटा, सिमेंट आणि वाहते पाणी एवढेच होते.

१९४५ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. पुढे ब्रिटनच्या जलसंशोधन केंद्राचे संचालकपद त्यांनी भूषविले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.