हृदयाची नोंद आणि कोसंबींचे गणित

२८ जून १९६६. पुण्यात भांडारकर संस्थेजवळच्या घरी ५८ वर्षांच्या एका गृहस्थांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासले आणि प्रकृती एकंदरीत ठीक असल्याचा निर्वाळा दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ते गृहस्थ होते दामोदर धर्मानंद कोसंबी.

तपासणीत चूक झाली असेलच असे नाही. नाडी, रक्तदाब, ईसीजी या तपासण्या त्या क्षणाचे हृदय दाखवतात. पुढच्या रात्रीची हमी देत नाहीत. हृदयावर रात्रंदिवस नजर ठेवायची तर यंत्र माणसाच्या अंगावरच असायला हवे. आज ते खिशात मावते, त्वचेखालीही बसवता येते. अशा छोट्या यंत्रांची रचना करणाऱ्यांना पडणारा एक अवघड प्रश्न कोसंबींनी पुण्यात बसून, अशी यंत्रे जन्माला येण्याआधीच, कागदावर सोडवला होता.

इतिहासकार म्हणून कोसंबी सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे शिक्षण मात्र गणिताचे. जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातला. वडील धर्मानंद बौद्ध विद्येचे पंडित. त्यांच्याबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेत गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले. बनारस आणि अलीगढ येथे शिकवल्यावर ते पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. पुढे पुण्याचे घर त्यांनी सोडले नाही.

१९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांचा एक लेख छापून आला. सतत बदलत राहणारी, कधीच तंतोतंत तशीच न येणारी वक्ररेषा कमीत कमी आकड्यांत कशी पकडायची, हा त्याचा गाभा. हृदयाच्या ठोक्याची रेषा नेमकी अशीच असते. रोज तीच, पण दर वेळी किंचित वेगळी.

शिंप्याचे उदाहरण घेतले तर हे गणित सोपे होते. सदरा शिवताना शिंपी अंगाचा प्रत्येक इंच मोजत नाही. छाती, उंची, खांदा अशी चार मापे घेतो आणि बाकीचे अंदाजाने भरतो. उंच माणसाचा हातही बहुधा लांब असतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. म्हणजे उंची आणि हाताची लांबी ही दोन मापे बरीचशी एकच गोष्ट सांगतात. हजारो गिऱ्हाइकांच्या वह्या तपासल्या, तर एकमेकांची पुनरावृत्ती न करणारी आणि सर्वांत जास्त फरक टिपणारी मापे कोणती, हे शोधून काढता येईल. तशी पाच मापे इतर कुठल्याही पाच मापांपेक्षा जास्त सांगतील. ही मापे कशी शोधायची, याचे गणित कोसंबींनी मांडले.

त्यानंतर काही वर्षांत फिनलंडचे कारी कार्हुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हेच गणित मांडले. जगात ते त्या दोघांच्या नावाने रूढ झाले. कोसंबींचे नाव त्यात जोडले जाऊ लागले ते फार उशिरा.

आता खिशातल्या यंत्राकडे पाहू. डॉक्टर २४ तासांचे हॉल्टर लावायला सांगतात, तेव्हा छातीवर चिकटवलेल्या पट्ट्यांमधून हृदयाचे विद्युत संकेत एका डबीत जातात. सेकंदाला २५० वेळा मोजणी केली तर एका वाहिनीचे दिवसाला २ कोटी १६ लाख आकडे होतात. वाहिन्या दोन-तीन असतात. डबीतला संगणक मात्र घरच्या संगणकाच्या मानाने अगदी साधा. स्मृती मोजकी, प्रोसेसर मंद, बॅटरी लहान. त्वचेखाली बसवायच्या नोंदयंत्राची बॅटरी तर काही वर्षे टिकावी लागते. ती संपली की पुन्हा छेद घेणे आले. म्हणून अशा यंत्राचा प्रोसेसर शक्य तेवढा वेळ झोपवून ठेवतात, गरज पडली की क्षणभर जागा करतात. प्रत्येक आकडा साठवायला जागा लागते. बिनतारी पाठवायचा झाला, तर त्याहून जास्त वीज लागते.

इथे कोसंबींचे गणित उपयोगी पडते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर एका ठोक्याचे सुमारे २०० आकडे होतात. आधी मोठ्या संगणकावर असंख्य ठोक्यांचा अभ्यास करून हृदयरेषेचे मोजके मूळ आकार काढता येतात. ते डबीत साठवले की डबीला फक्त प्रत्येक आकार या ठोक्यात किती आहे, एवढेच सांगायचे उरते. त्यासाठी गुणाकार आणि बेरीज पुरते. अवघड काम कारखान्यात आधीच उरकायचे आणि हलके काम रुग्णाच्या अंगावर ठेवायचे, ही लहान यंत्रे बांधण्याची जुनी रीत आहे. ईसीजीच्या विश्लेषणात, विशेषतः हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा शोधताना, ही पद्धत वापरली गेली आहे.

तिची एक अडचणही आहे. मूळ आकार माहितीनुसार बदलतात, आणि ते दर वेळी नव्याने शोधणे लहान यंत्राला झेपत नाही. १९७४ मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी तडजोड सुचवली. त्यांनी ठरावीक, आधीच ठाऊक असलेले आकार वापरले. अनेक प्रकारच्या माहितीवर ते या आदर्श पद्धतीच्या अगदी जवळ पोहोचतात. मोबाइलमधला जेपेग फोटो याच युक्तीने लहान होतो.

डॉक्टरांना यात एक धोका दिसतो. शिंप्याची चार मापे बहुतेकांना पुरतात, पण पाठीत बाक असलेल्या गिऱ्हाइकाचा सदरा फसतो. तसाच सरासरीत न बसणारा एखादा ठोका चार आकड्यांत कोंबला तर गुळगुळीत होऊन नेहमीसारखा दिसू शकतो, आणि आजाराची खूण नेमकी त्या ठोक्यात असते. म्हणून चांगली रचना आकड्यांवरून ठोका पुन्हा उभा करते, मूळ रेषेशी ताडून पाहते, आणि फरक मोठा निघाला तर तो ठोका काटछाट न करता जसाच्या तसा जपते. जागा वाचवताना काय टाकले जाते, याचा हिशेब ठेवणे हा रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

थोडक्या साधनांत जास्तीत जास्त सत्य काढण्याची ही हातोटी कोसंबींच्या इतर कामांतही दिसते. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे एक सूत्र दिले. गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते; एका जागी ती झाली की शेजारी होण्याची शक्यता घटते. हा परिणाम त्यांनी हाताने सोडवता येईल अशा छोट्या सूत्रात बसवला. आनुवंशिकतेच्या अभ्यासात ‘कोसंबी फंक्शन’ आजही वापरात आहे. प्राचीन नाण्यांबाबतही त्यांनी असाच विचार केला. हातोहात फिरताना नाणे झिजते आणि हलके होते. हजारो नाणी तराजूत तोलून, वजनांच्या आकडेवारीवरून त्यांनी नाण्यांच्या साठ्यांचा काळाचा क्रम लावला. महागडे उपकरण नाही. एक तराजू आणि चिकाटी.

चाळीसच्या दशकाच्या मध्यावर ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, तरी मुक्काम पुण्यातच राहिला. डेक्कन क्वीनने त्यांचे येणे-जाणे चाले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांच्या अभ्यासासाठी इंग्लंड-अमेरिकेत गेले. त्या काळी अमेरिकेतल्या एनिॲक यंत्राचे वजन सुमारे ३० टन होते. १९४८ मध्ये मँचेस्टरला चाललेल्या, स्वतःची आज्ञावली स्मृतीत ठेवणाऱ्या पहिल्या यंत्राची स्मृती अवघी १,०२४ बिट होती. तेव्हा सगळेच संगणक साधनांनी गरीब होते.

पुढे अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेवर भर द्यावा, असे मत त्यांनी जाहीरपणे मांडले. ऊन गावोगाव आहे, तेव्हा वीजही लहान प्रमाणात जागच्या जागी तयार व्हावी, हा त्यांचा विचार होता. १९६२ मध्ये टाटा संस्थेतले त्यांचे काम संपले. १९६४ पासून ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत मानद शास्त्रज्ञ होते. पुण्याच्या टेकड्या पायी तुडवून अश्मयुगीन दगडी हत्यारे गोळा करणे चालूच होते.

अमेरिकेत नॉर्मन हॉल्टर यांनी हृदयाचे संकेत चालत्या माणसाकडून मिळवण्याचा प्रयोग केला, तेव्हाचे यंत्र पाठीवर घ्यावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. १९६१ मध्ये त्यांनी हलक्या यंत्राची पद्धत प्रसिद्ध केली. पाच वर्षांनी कोसंबी गेले, तेव्हा पुण्यातल्या फॅमिली डॉक्टरच्या हाताशी ती असणे शक्य नव्हते.

आज ती आहे, पण यंत्र रुग्णाच्या मदतीवरही चालते. हॉल्टर लावलेले असताना छातीत धडधडले, चक्कर आली, तर डबीवरचे बटण दाबावे आणि वेळ व त्या वेळी काय करत होतो, हे सोबतच्या कागदावर लिहावे. ती एक ओळ लाखभर ठोक्यांतून नेमका ठोका शोधून देते. आणि छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ अशी लक्षणे दिसली, तर कालचा ईसीजी चांगला होता म्हणून घरी थांबू नये. तो कालचा होता.