तंजावरचे सरफोजीराजे : रेखाटनांच्या वाटेने

तंजावरास पाहुणे आले म्हणजे त्यांस मोठे देऊळ दाखवावे, राजवाड्यातून एक फेरी मारून आणावी आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून द्यावे, असा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त कावेरीकाठच्या या मुलखात आमची उमेदीची वर्षे गेली. पण खरे सांगायचे तर तंजावर आम्ही पाहिले होते ते पाहुण्यांच्या घाईने. हा शिरस्ता मोडला आमच्या पुतणीने. ती डिझाईनची विद्यार्थिनी. शहर पायी हिंडून तेथील इमारती रेखाटणे हा तिच्या अभ्यासक्रमाचाच भाग. चार दिवस घडीचे स्टूल आणि छत्री घेऊन आम्ही तिच्या मागे फिरलो.

राजराज चोळाने बांधलेल्या आणि १०१० साली पूर्ण झालेल्या बृहदीश्वराच्या आवारात, भिंतीवरचे अक्षर पाहून तिची पेन्सिल थांबली. काका, ही तर मराठी, म्हणाली. चोळांच्या देवळात कोरलेला तो भोसले घराण्याचा प्रदीर्घ इतिहास बाबूराव चिटणीसांनी रचला आणि सरफोजीराजांच्या आज्ञेने तो १८०३ साली दगडावर आला. आजवर आम्ही त्याकडे पाहुण्यांस बोट दाखवून पुढे जात असू. त्या दिवशी मात्र तिला त्या राजाची सारी हकीकत सांगणे भाग पडले.

शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६च्या सुमारास येथे भोसल्यांची गादी स्थापली. त्या गादीवरील तुळजाराजांनी १७८७ साली, अंतकाळ जवळ आला असता, भोसले घराण्याच्याच एका शाखेतील नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. हेच सरफोजी. त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७चा. पण गादी गेली तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे, आणि बालराजाच्या वाट्यास आली ती जवळजवळ कैदच. शिकवण्याचीही धड सोय नव्हती. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्यांचा कैवार घेतला. १७९३ साली राजपुत्रास मद्रासला हलवण्यात आले आणि तेथे त्यांच्या शिक्षणाला खरी सुरुवात झाली. गुरूंनी धर्म बदलण्याचा आग्रह धरला असता तर काय झाले असते, हा प्रश्न आमच्या मनात येतो. पण शिष्य अखेरपर्यंत हिंदूच राहिला आणि गुरूवरील त्याची भक्तीही अखेरपर्यंत टिकली.

योगायोग असा की, १७९२ साली थॉमस व विल्यम डॅनियल हे इंग्रज चुलते-पुतणे दक्षिणेत फिरत असता तंजावरास आले आणि त्यांनी हेच देऊळ रेखाटले. पुतणीला ही गोष्ट फार आवडली. चुलत्याकडे छत्री धरण्यापलीकडे काही काम होते का, एवढेच तिने आमच्याकडे पाहून विचारले!

जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. दीड वर्षाच्या आतच, २५ ऑक्टोबर १७९९च्या तहाने, कंपनीने राज्यकारभार आपल्या हाती घेतला. राजांकडे उरला किल्ला व त्याभोवतीची थोडी जमीन, सालीना एक लक्ष होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. वय अवघे बावीस. अशा स्थितीत किती संस्थानिकांनी शिकारी आणि मेजवान्यांत आयुष्य घालवले, हे आपण जाणतोच. शिकारीचा शौक यांनाही होता. पण या राजाने निराळाच उद्योग आरंभला. जे जे दिसेल ते नीट पाहायचे, लिहवून घ्यायचे आणि चितारून घ्यायचे. धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांवर उपचार होत. त्यांची टिपणे ठेवली जात आणि टिपणांसोबत रोगी डोळ्यांची चित्रेही. नायकांच्या काळापासून चालत आलेल्या सरस्वती महालात त्यांनी ताडपत्रे, पोथ्या आणि युरोपातील ग्रंथ यांची भर घातली. वाड्यात देवनागरी छापखाना चालवला. इसापच्या नीतिकथांचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने १८०६ साली तेथे छापले गेले. पुण्यात पेशवाई अजून नांदत होती, आणि मराठी पुस्तक छापले जात होते ते कावेरीकाठी.

तिसऱ्या दिवशी ओरत्तनाडू. मुक्तांबा या आपल्या प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ राजांनी येथे छत्रम्, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा, बांधली. जोत्यावर दगडी चाके आणि हत्तीघोडे कोरलेले. सारी वास्तू रथासारखी दिसावी अशी योजना. पुतणीचे एक चाक तीनदा खोडून झाले. आम्हांस मात्र त्या चाकांहून १८०१ सालचे एक पत्र मोलाचे वाटते. रामेश्वराच्या वाटेवरील या छत्रांचे उत्पन्न कंपनीने कमी करू नये म्हणून राजांनी रेसिडेंटास कळवले. कोणत्याही जातीच्या वाटसरूस अन्न कसे मिळते, आजाऱ्यास वैद्य व मुलांस शिक्षक कसे मिळतात, हे त्यात सविस्तर मांडले. राज्य गेले तेव्हा जो फारसा झगडला नाही, तो राजा वाटसरूच्या भाताच्या पानासाठी लेखणी घेऊन उभा राहिला.

समुद्रकाठचा मनोरा पाहताना मन इतके प्रसन्न राहत नाही. मल्लिपट्टणमजवळचा हा षट्कोनी, मजल्यामजल्याने निमुळता होत गेलेला बुरूज १८१४ साली उभा राहिला तो नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ. भोसल्यांच्या वंशजाने हे करावे, याची रुखरुख लागते. मात्र वरिष्ठांच्या अभिनंदनाच्या किती ठरावांवर आम्ही स्वतः मुकाट्याने सही केली आहे, हे आठवले आणि आम्ही टीका आवरती घेतली.

१८२० साली राजे काशीयात्रेस निघाले. सोबत तीन हजारांवर माणसे. वाटेत मुक्काम, दानधर्म, जीर्णोद्धार. परतताना हाती गंगोदकाबरोबर पोथ्या होत्या, आणि काशीच्या घाटांची रंगीत चित्रेही त्यांनी करवून घेतली. चौथ्या दिवशी सरस्वती महालातील त्या चित्रांपुढे पुतणी बराच वेळ उभी राहिली. पायऱ्या, बुरूज, देवळांची शिखरे, पाण्याला टेकलेल्या भिंती. एकेक घाट निराळा ओळखावा असा. तिची स्वतःची वही त्या वेळी बंदच होती.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजे निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ साली पुत्राविना वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. किल्ला गेला, होन गेले. पुढे १९१८ साली सरस्वती महाल सर्वांसाठी खुला झाला.

जाताना पुतणीने वहीतले एक पान फाडून आम्हांस दिले. त्यावर देऊळ नव्हते की मनोरा नव्हता. भिंतीवरील मराठी अक्षरांची एक ओळ तेवढी तिने जशीच्या तशी, दगडाच्या टवक्यांसह उतरवली होती. पाहुण्यांस आता आम्ही आधी ते पान दाखवतो आणि मग देवळाकडे नेतो. संध्याकाळची गाडी बहुधा चुकते.