कामगाराचे आजारपण आणि बाबासाहेबांचा हिशेब

देवणीचे नाव महाराष्ट्राबाहेर पोहोचले ते इथल्या गाय-बैलांमुळे. बँकेचे कर्ज काढून जनावर घेतले की त्याचा विमा उतरवला जातो, कानात बिल्ला मारला जातो. जनावर दगावले तर मालकाला भरपाई मिळते. पण त्याच देवणीत गॅरेजवर, वेल्डिंगच्या दुकानात, हॉटेलात, अडतीवर राबणाऱ्या माणसाचा विमा किती मालकांनी उतरवला आहे? कामगार आजारी पडला की मालक उचल देतो. ती फिटेपर्यंत कामगार बांधला जातो, आणि चार माणसे कामाला ठेवणारा छोटा मालकही खचतो. आजारपणाचा हा भार कोणी उचलायचा? या प्रश्नाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आयुष्यभर भिडत राहिले. आपण त्यांना राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. मजूरमंत्री बाबासाहेब मात्र जयंतीच्या व्यासपीठावर क्वचितच भेटतात.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. रामजी सुभेदार कुटुंब घेऊन मुंबईला आले आणि परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीत भीमराव वाढले. खाडा झाला की पगार कापला जातो, पगार कापला की सावकार दारात येतो, हे कामगारांच्या घरोघरचे चित्र होते. पुढे १९१३ मध्ये ते अमेरिकेला गेले, कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकले.

१९१७ मध्ये परतल्यावर बडोद्यात जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही. मुंबईत येऊन त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारा छोटा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि व्यवसाय बंद पडला. तेव्हा छोट्या धंद्याची ओढाताण बाबासाहेबांनी स्वतः भोगली होती. आजारपण तर त्यांच्या घरात ठाण मांडूनच होते. चार अपत्ये बालपणीच गेली. १९२६ मध्ये लाडका राजरत्न गेला. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. घरातला आजार माणसाला आणि त्याच्या संसाराला काय करतो, हे त्यांना कोणत्याही अहवालातून वाचायची गरज नव्हती.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक आले. धंद्यावर बोजा पडेल, अशी ओरड झाली. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला आणि हिशेबही नीट मांडला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे ही राष्ट्राची गरज आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. पण स्त्रीच्या श्रमावर नफा मिळवणारा मालकही आपली जबाबदारी झटकू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. एकट्या कामगारावर नको, एकट्या मालकावर नको, भार वाटून घ्या. पुढच्या सगळ्या कायद्यांचे बीज इथे दिसते.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईचे कामगार रस्त्यावर उतरले, तेव्हा बाबासाहेब त्यांच्या आघाडीवर होते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा त्यांनी चालवल्या. आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचा पायाही त्यांच्याच काळात घातला गेला.

त्यांच्याच कारकिर्दीत, मार्च १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. तो कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या उद्योगांपुरता होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासून बारमाही चालणाऱ्या सर्व कारखान्यांपर्यंत नेण्याची आणि प्रसूती व अपघाताची भरपाई त्यात आणण्याची सूचना केली. १९४६ च्या मध्यात बाबासाहेबांचे मजूरखाते संपले. नोव्हेंबर १९४६ मध्ये विधेयक मांडले गेले तेव्हा ते खाते बाबू जगजीवनराम यांच्याकडे होते. एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, तेव्हा बाबासाहेब कायदेमंत्री होते. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. बाबासाहेबांनी घटनेच्या मसुद्यातही सामाजिक विम्याला समवर्ती सूचीत आणि प्रसूती साहाय्याला मार्गदर्शक तत्त्वांत जागा मिळाली.

कायदा झाला त्या दिवशी आपली देवणी कुठे होती? निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात. सप्टेंबर १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला. पण विम्याची रुग्णालये औरंगाबाद, सोलापूर अशा कारखानदारीच्या शहरांत उभी राहिली. तालुक्याचा कामगार बाहेरच राहिला.

आजचा हिशेब पाहा. २०१९ पासून मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. १२ हजार पगारावर मालकाचे ३९० रुपये, कामगाराचे ९० रुपये. या ४८० रुपयांत कुटुंबाला उपचार मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत आजारपणाच्या रजेत ७० टक्के पगार मिळतो, प्रसूतीला २६ आठवड्यांचा पगार मिळतो. हा पैसा निधीतून येतो, मालकाच्या गल्ल्यातून नाही. वेल्डिंग करताना कामगाराचा डोळा गेला तर विमा नसलेल्या मालकाला भरपाई स्वतः भरावी लागते आणि एका अपघातात दुकान विकावे लागते. विमा असेल तर ती जबाबदारी निधी उचलतो. म्हणजे हा कायदा छोट्या मालकालाही वाचवतो. सरकारी जनआरोग्य योजनेत रुग्णालयाचे बिल भागते, पण बुडालेला रोज कोणी देत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात विलीन झाला. दहा किंवा अधिक कामगार असतील तर विमा सक्तीचा. दहापेक्षा कमी असतील तर मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तरच. देवणीच्या बाजारपेठेत दहा माणसे कामाला असलेली दुकाने किती? शिवाय जवळ दवाखानाच नसेल तर कोणता मालक स्वखुशीने महिन्याला पैसे भरेल?

आज आपल्या समाजातली मुलेही कर्ज काढून गॅरेज, शिलाई केंद्र, मोबाइलचे दुकान टाकत आहेत. काल कामगार असलेला आज मालक झाला आहे. त्याने कामगाराच्या आजारपणाकडे जुन्या सावकाराच्या नजरेने पाहायचे की परळच्या चाळीतून आलेल्या अर्थशास्त्रज्ञाच्या नजरेने? आणि सरकारनेही आपला वाटा उचलला पाहिजे. छोट्या मालकाच्या हप्त्याला हातभार आणि तालुक्याला विमा दवाखाना, एवढी मागणी करायला काय हरकत आहे?

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. देवणीत जनावराच्या कानात बिल्ला आहे आणि माणसाच्या खिशात विम्याचे कार्ड नाही, तोवर त्यांनी मांडलेला हिशेब पुरा झालेला नाही.