विश्लेषण : पांढऱ्या पेशींना जखमेचा पत्ता कोण सांगतो?

बोटात काटा रुतला की ती जागा सुजते. ही सूज म्हणजे शरीराचा बचाव आहे, असे इल्या मेचनिकोव्ह यांनी मांडले.

१८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधील खारकिव्हजवळ जन्मलेले हे प्राणिशास्त्रज्ञ ओडेसा विद्यापीठातील नोकरी सोडून १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे गेले. तेथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. याच भक्षकपेशी जंतूंना गिळतात, हा त्यांचा सिद्धान्त. रोगप्रतिकाराचे श्रेय रक्तद्रवाला देणाऱ्या अनेक शास्त्रज्ञांनी तो वर्षानुवर्षे नाकारला. १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेचनिकोव्ह त्यासाठी झगडत राहिले. १९०८ चे नोबेल त्यांना रक्तद्रवाची बाजू मांडणाऱ्या पॉल एर्लिख यांच्यासोबत विभागून मिळाले.

पेशींना बोलावते कोण, हे मात्र १९१६ मधील त्यांच्या निधनानंतर अनेक दशकांनी उलगडले. जखमेतील पेशी सायटोकाइन्स ही प्रथिने सोडतात. त्यामुळे रक्तवाहिनीचे अस्तर चिकट होते, पांढऱ्या पेशी तेथे थबकतात आणि भिंतीतून बाहेर पडतात. पुढची वाट केमोकाइन्स दाखवतात. हे संदेश थांबलेच नाहीत, तर आमवातात होते तसे हेच सैन्य आपल्या सांध्यांवर उलटते.